मानेतली रक्तवाहिनी नव्वद दिवसांत ‘साफ’ होत नाही

पंधरा दिवसांपूर्वी सकाळचा चहा घेताना माझ्या मामांच्या डाव्या डोळ्यापुढे वरून खाली पडदा उतरावा तसा अंधार आला आणि चार-पाच मिनिटांत आपोआप ओसरला. तीस वर्षे गुळाच्या व्यापारात काढलेले मामा एवढ्याशा कारणासाठी दवाखान्यात जाणारे नव्हेत, पण मामींनी हट्टाने नेले. डॉपलर तपासणीत (ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) मेंदूकडे रक्त नेणारी मानेतली डावी कॅरोटिड रक्तवाहिनी सत्तर टक्क्यांहून अधिक अरुंद झालेली आढळली. डॉक्टरांनी ॲस्पिरिन आणि स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध सुरू केले व शस्त्रक्रियेसाठी शल्यचिकित्सकांना तातडीने भेटण्यास सांगितले.

तीनच दिवसांनी रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावरून मामांना एक संदेश आला. जीवनसत्त्व क, जीवनसत्त्व ई, लायसिन (प्रथिनांतला एक घटक) आणि नॅटोकायनेज (आंबवलेल्या सोयाबीनमधले एक विकर) यांचा नव्वद दिवसांचा कोर्स घेतला की मानेतला अडथळा नळातल्या गंजासारखा विरघळून जातो, हे नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाने सिद्ध केले आहे, एका गृहस्थांचा अडथळा सत्तरवरून पन्नास टक्क्यांवर आला, औषध कंपन्या हे सारे दडपून ठेवतात, आणि कोर्स चालू असताना डॉक्टरांच्या गोळ्या बंद ठेवाव्यात व शस्त्रक्रिया मुळीच करू नये, असा त्याचा आशय होता. परवा रविवारी मी घरी गेलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर सात बाटल्यांचा डबा होता आणि शेजारी स्टॅटिनची पट्टी पडली होती. तिच्यातल्या दहापैकी तीनच गोळ्या फोडलेल्या होत्या.

त्या पट्टीमुळेच मी संदेशातल्या शेवटच्या सूचनेपासून सुरुवात करतो, कारण बाकीचे दावे निव्वळ चुकीचे असले तरी ही सूचना माणसाला कायमचे अंथरुणाला खिळवू शकते. डोळ्यापुढे क्षणभर आलेला अंधार, हाताला आलेली मुंगी किंवा बोबडी वळणे ही लक्षणे आपोआप गेली म्हणून संकट टळले असे होत नाही. मोठ्या पक्षाघाताची ती पूर्वसूचना असते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात अशा तात्पुरत्या झटक्यानंतर तातडीच्या विभागात आलेल्या १,७०७ रुग्णांचा मागोवा घेण्यात आला आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी दहा टक्क्यांहून थोड्या अधिक लोकांना नव्वद दिवसांच्या आत पक्षाघात झाला, आणि त्यांतल्या निम्म्यांना तर पहिल्या दोन दिवसांतच. म्हणजे ज्या नव्वद दिवसांत गोळ्या बंद ठेवून ‘शरीराला साफसफाई करू द्या’ असे हा संदेश सांगतो, तेच नव्वद दिवस सर्वांत धोक्याचे असतात. लक्षणे दिसलेल्या रुग्णाची शस्त्रक्रिया शक्यतो दोन आठवड्यांच्या आत करावी असे डॉक्टर म्हणतात ते याच कारणाने. मामांचे दोन आठवडे या डब्यापायी गेले, याचा मला संताप आहे आणि तो मी लपवणार नाही.

आता गंजाची उपमा. कॅरोटिडमधला थर नळाच्या आतल्या बाजूला साचलेल्या क्षारासारखा नसतो. तो रक्तवाहिनीच्या भिंतीतच, आतल्या अस्तराखाली वाढतो. कोल्हापुरातल्या पावसाळ्यात गिलाव्याच्या आत मुरलेली ओल भिंत वरून धुतल्याने जात नाही, तसेच हे आहे. शिवाय धोका केवळ वाट अरुंद होण्याचा नसतो. अस्तर फाटते, तिथे रक्ताची गुठळी धरते, तिचा तुकडा सुटून डोळ्याच्या किंवा मेंदूच्या बारीक रक्तवाहिनीत अडकतो. मामांच्या डोळ्यापुढचा पडदा हा असाच प्रकार असल्याचे डॉक्टरांचे मत आहे. गुठळी धरू नये म्हणून ॲस्पिरिन असते आणि थर स्थिर राहावा म्हणून स्टॅटिन. संदेशाने नेमकी हीच दोन औषधे बंद करायला लावली.

या जीवनसत्त्वांची परीक्षा कोणी घेतलीच नाही, असे मानणाऱ्यांनी ब्रिटनमधला ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’ पाहावा. २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत २०,५३६ लोक होते आणि एकाच गटात जीवनसत्त्वे व स्टॅटिन या दोन्हींची परीक्षा पाच वर्षे झाली. रोज ६०० मिलिग्रॅम ई, २५० मिलिग्रॅम क आणि २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांच्या रक्तात या जीवनसत्त्वांचे प्रमाण चांगलेच वाढले, पण मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांत काहीही फरक पडला नाही. त्याच चाचणीत स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण ५.७ टक्क्यांवरून ४.३ टक्क्यांवर आले. कंपन्या दडपतात या आरोपाचे उत्तरही इथेच मिळते: खर्च उचलणाऱ्यांत स्टॅटिन बनवणारी कंपनी होती तशी जीवनसत्त्वे बनवणारीही होती, आणि तरीही जीवनसत्त्वांचे अपयश उघडपणे छापले गेले. नॅटोकायनेजचीही तीन वर्षांची चाचणी झाली आहे. मानेतल्या रक्तवाहिनीच्या भिंतीची जाडी वाढण्याचा वेग त्याने कमी झाला नाही, असा तिचा निकाल २०२१ मध्ये आला.

नोबेल विजेते म्हणजे लायनस पॉलिंग. त्यांना १९५४ चे नोबेल रसायनशास्त्रासाठी आणि १९६२ चे शांततेसाठी मिळाले. जीवनसत्त्व क साठी नव्हे.

सत्तरवरून पन्नासवर आलेल्या गृहस्थांना मी खोटे ठरवत नाही. पण डॉपलरमध्ये टक्केवारी थेट मोजली जात नाही; रक्ताच्या वेगावरून तिचा अंदाज बांधतात. सेकंदाला २३० सेंटिमीटरच्या वर वेग असेल तर सत्तर टक्के किंवा अधिक, १२५ ते २३० असेल तर पन्नास ते एकोणसत्तर, असे सर्वसाधारण गणित आहे. वेग २३५ वरून २२५ झाला, तपासणारा बदलला किंवा यंत्र धरण्याचा कोन थोडा हलला, तरी माणूस वरच्या गटातून खालच्या गटात येतो आणि आतला थर मात्र होता तसाच असतो.

संदेशातली एक गोष्ट अर्धी खरी आहे, ती मान्य करतो. मानेत अडथळा निघालेल्या प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही. कसलीही लक्षणे नसताना पन्नास टक्के अडथळा सापडला तर बहुधा औषधे, तंबाखू सोडणे, रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणे एवढ्यावरच भागते, आणि शस्त्रक्रियेतही पक्षाघाताचा धोका असतोच. पण मामांना लक्षण दिसले आहे आणि अडथळा सत्तरच्या वर आहे. अशाच रुग्णांवरच्या उत्तर अमेरिकेतल्या १९९१ च्या चाचणीत दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात होण्याचे प्रमाण केवळ औषधांवर २६ टक्के, तर शस्त्रक्रिया झालेल्यांत ९ टक्के होते, आणि या ९ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळचे पक्षाघातही धरलेले आहेत. आजची औषधे तेव्हापेक्षा चांगली आहेत, त्यामुळे आज ही तफावत कमी असेल. पण ती औषधेसुद्धा बंद करणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

परवा रात्रीच डॉक्टरांना फोन करून विचारले आणि त्यांच्या सांगण्यावरून दोन्ही गोळ्या पुन्हा सुरू केल्या. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा शब्द फुटेनासा झाला, तर कोणालाही न विचारता १०८ ला फोन करायचा, हे मामींनी फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहून लावले आहे. उद्या सकाळी शल्यचिकित्सकांची वेळ मिळाली आहे. तो डबा मी बरोबर नेणार आहे, कारण नॅटोकायनेज आणि जीवनसत्त्व ई यांनी रक्तस्राव वाढू शकतो आणि मामांनी आजवर काय काय घेतले हे मानेवर सुरी चालवण्याआधी त्यांना कळायला हवे.