आधी ओल बघा, मग युक्ती

काल दुपारी हॉलमध्ये जुनी चादर अंथरून तीन किलो चवळी आणि दोन किलो मूग एरंडेलात चोळले. लेक कॉलेजातून आली, दारातच थबकली. म्हणाली, "आई, दहा मिनिटांत सगळं घरपोच येतं. कशाला हा उटारेटा?" हात कोपरापर्यंत तेलकट होते आणि चवळी अर्धी राहिली होती, म्हणून तिला धड उत्तर देता आलं नाही. रात्रभर मात्र ते डोक्यात घोळत राहिलं. तिच्यासाठी आणि तिच्या वयाच्या सगळ्यांसाठी लिहिते आहे.

माझं माहेर गुहागर तालुक्यातलं. त्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. वैशाख निम्मा सरला की आजीच्या तोंडी एकच शब्द असायचा, आगोट, म्हणजे पावसाळ्याचं तोंड. आगोटीच्या आधी लाकडं पडवीत, कांद्याच्या माळा आढ्याला, सुकी आमसुलं बरणीत, पापड-कुरडया पत्र्याच्या डब्यात, डाळी-कडधान्यं तेल लावून तयार. एकदा पाऊस लागला की वाळवण बंद. ऑक्टोबरात ऊन पडेपर्यंत घरात जे असेल ते टिकवायचं. आजीच्या जवळजवळ सगळ्या युक्त्यांचं मूळ मला आता एकाच ठिकाणी दिसतं. ओल. घरात ओल येऊ द्यायची नाही, आलीच तर वस्तूपर्यंत पोचू द्यायची नाही. आज माझ्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये चूल नाही, माळा नाही, अंगण नाही. जुलैतली हवा मात्र तीच आहे, म्हणून त्या युक्त्या आजही लागू पडतात.

चवळीचंच घ्या. कडधान्याला जो भुंगा लागतो त्याची मादी दाण्याच्या सालीवर अंडी चिकटवते. जुनी चवळी हातात घेऊन नीट बघा, दाण्यावर खसखशीच्या दाण्याहून लहान पांढरा ठिपका दिसेल. तेच ते. अळी तिथून दाणा पोखरत आत जाते, आतच वाढते आणि भुंगा होऊन बाहेर पडते तेव्हा ते गोल भोक दिसतं. म्हणजे आपल्याला "कीड लागली" असं कळतं तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं. पुष्कळदा ही अंडी शेतातूनच आलेली असतात. तेलाचा पातळ थर बसला की अंडं सालीवर नीट धरत नाही, आणि आधीचं असलं तर त्याची हवा कोंडते. किलोला चहाचा एक चमचा एरंडेल पुरतं. जास्त घातलं तर चिकचिक होते, बाकी फायदा काही नाही. दोन्ही तळव्यांना तेल लावायचं, मूठमूठ घेऊन चोळत जायचं, दाण्याला चकाकी आली की पुढची मूठ. मग दिवसभर सावलीत पसरून डब्यात. शिजवायच्या आधी कोमट पाण्यानं दोनदा चोळून धुतलं की वासही राहत नाही. फोडलेल्या डाळीला हा भुंगा तितकासा लागत नाही, म्हणून वेळ कमी असेल तर आधी अख्खी कडधान्यं उरका.

तेल लावण्याआधी मात्र दाणा कोरडा हवा. ही पायरी गाळून लोक तेल चोळतात आणि मग म्हणतात, आजीबाईच्या बटव्यात काही अर्थ नाही. आजी दाणा दाढेखाली धरायची. कट्ट आवाज करून तुटला तर वाळलेला, दबला तर अजून एक ऊन. ज्यांना दाताचा अंदाज येत नाही त्यांच्यासाठी दुसरी सोपी परीक्षा आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठ-दोन मूठ धान्य आणि चमचाभर कोरडं मीठ घाला, झाकण लावून चांगलं हलवा, थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात ओल आहे, साठवू नका. ऊन द्यायचं तर गव्हाला, कडधान्याला कडक द्या. तांदळाला नको. तांदूळ कडक उन्हात तडकतो आणि कणी पडते.

कडुनिंबाच्या पाल्याचा धडा मी स्वतः नुकसान सोसून शिकले. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हौसेनं झाडावरून ताजा पाला आणला आणि तसाच गव्हाच्या कोठीत घातला. श्रावणात झाकण उघडलं तर कुबट वास, पाल्याभोवतीच्या गव्हाला हिरवट बुरशी. दहा-बारा किलो गहू टाकावा लागला. तो दिवस आठवला की अजून जिवाला लागतं. पाला सावलीत खडखडीत वाळवायचा असतो, एवढंच कोणी सांगितलं नव्हतं. युक्ती माझ्यापर्यंत आली पण तिचं कारण वाटेत गळून पडलं होतं. कारण माहीत असतं तर ओला पाला मी कोठीत घातलाच नसता.

सासर सांगलीकडचं, आणि तिथं गेल्यावर मला कळलं की युक्तीलाही गाव असतं. तिकडं धान्य, हळद जमिनीखालच्या पेवात ठेवायची पद्धत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर प्रसिद्धच. कोकणातल्या माणसाला हे ऐकूनच धस्स होतं, जमिनीत धान्य? आमच्याकडे आठ दिवसांत मोड येतील. पण तिथला पाऊस कमी आणि माती अशी की आत पाणी झिरपत नाही. तोंड बंद केलं की आतलं धान्य आणि असतील-नसतील ते किडे मिळून हवेतला प्राणवायू संपवतात, आणि किडे गुदमरून मरतात. आज बाजारात ज्या हवाबंद जाड पिशव्या मिळतात त्यांच्यामागं हेच तत्त्व आहे. सासरे सांगायचे, पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. तोंड उघडं टाकून हवा खेळू द्यायची, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही. ती खबरदारी पाळली नाही म्हणून माणसं दगावली आहेत. 2005 च्या कृष्णेच्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं आणि पेवांची फार हानी झाली. ओलीनं एकदा वाट काढली की पिढ्यांची व्यवस्था मोडते ती अशी.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. गेल्या वर्षी गहू घेतला त्या दुकानात दुकानदारानं न मागता कागदाच्या पुडीत चार गोळ्या बांधून दिल्या. "कोठीत टाका ताई, वर्षभर बघायला नको." घरी येऊन नाव विचारायला फोन केला. ॲल्युमिनियम फॉस्फाइड. मी पुडी न उघडता तशीच परत नेऊन दिली. कृपा करून ही गोष्ट नीट वाचा. या गोळीला हवेतला ओलावा लागला की फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. ती गोदामांसाठी आहे, तीही जाणकार माणसाच्या देखरेखीखाली वापरायची. किरकोळ गिऱ्हाइकाला विकायला परवानगीच नाही. वन बीएचकेत गव्हाची कोठी बहुतेक वेळा पलंगाखाली किंवा पलंगाच्या पायथ्याशी असते. पावसाळी रात्र, खिडक्या बंद, घरातली माणसं शेजारीच झोपलेली. अशा घरात माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा कुणीतरी ती पुडी घरी आणतं. वाळलेला पाला, चमचाभर तेल, घट्ट झाकण, एवढ्यात भागत असताना घरात हा वायू कशाला आणायचा? तुमच्या ओळखीत कुणी अशी गोळी वापरत असेल तर आज त्यांना फोन करा.

जुनं ते सगळंच मी उचलून धरते असं समजू नका. पाऱ्याच्या गोळ्या धान्यात ठेवायची पद्धत आमच्याही घरी होती. मी ती बंद केली, पारा स्वयंपाकघरात नको. तांदळाला बोरिक पावडर चोळणंही सोडलं, ती पोटात जायची वस्तू नव्हे. बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या तर अजिबात ठेवू नका. काही बाळांच्या रक्तपेशी त्यानं फुटतात आणि कावीळ होते. तिथं वाळलेला कडुनिंब किंवा वेखंडाची पुरचुंडी चालते. तुरटीचंही तसंच. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो हे खरं, पण जंतू मरत नाहीत. पाणी उकळावंच लागतं. आणि बिब्बे धान्यात टाकायचे तर अख्खेच, हात न लावता. त्याचा चीक लागला तर कातडी फोडांनी भरते.

मिठात भाजलेले तांदळाचे दाणे टाकायचे, हे तर सगळ्यांना माहीत आहे. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढायला लागतं, आणि मुंबई-ठाण्यात जुलै-ऑगस्टात ती बहुतेक दिवस वरच असते. भाजलेला तांदूळ ती ओल आधी स्वतः घेतो. म्हणून दाणे भाजलेलेच हवेत, आणि महिन्या-दोन महिन्यांनी बदलायलाही हवेत. मीठ स्टीलच्या डब्यात ठेवू नका, चांगल्या स्टीललाही बारीक खड्डे पडतात. काचेची किंवा चिनीमातीची बरणी घ्या.

रवा आणला की लगेच कोरडा भाजून, पूर्ण गार करून डब्यात. गार करूनच, नाहीतर त्याचीच वाफ झाकणाला धरते आणि आठवड्यात जाळी. आजीकडे फ्रीझर नव्हता, आपल्याकडे आहे, तर त्याचाही उपयोग करा. रवा, बेसन, कडधान्य घट्ट पिशवीत बांधून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवलं की अळ्या-अंडी मरतात. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी लगेच उघडायची नाही. बाहेरच्या दमट हवेनं गार धान्यावर दव धरतं. पिशवी खोलीइतकी कोमट होऊ द्या, मग डबा भरा.

कांदे-बटाटे एका टोपलीत नकोत, दोन्ही लवकर खराब होतात. दूध तापवायच्या आधी पातेलं पाण्यानं विसळा, बुडाला धरत नाही. भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला. पैठणी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, मऊ जुन्या धोतरात गुंडाळा आणि वर्षातून दोन-तीनदा घडी मोडून घाला, नाहीतर जरीची तार घडीवरच तुटते.

लोणच्याचं मात्र सविस्तर सांगते, कारण फसलेल्या लोणच्याचं दुःख मोठं असतं. बुरशीला हवा लागते आणि ओल लागते. तापवून पूर्ण गार केलेलं तेल फोडींच्या वर बोटभर उभं राहिलं की हवा तुटते. मिठानं फोडीतलं पाणी बांधलं जातं. तेल कमी करा, मीठ कमी करा असं हल्ली सगळे सांगतात. प्रकृतीसाठी ते बरोबरच आहे, पण मग ते लोणचं फ्रीजमध्ये ठेवून महिनाभरात संपवायचं असतं. वर्षभराचं लोणचं आणि कमी तेल या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

आजीची पांढरी-तपकिरी बरणी आता माझ्याकडे आहे. काठाला एक टवका उडालाय, तो तिच्याच हातून 1980 च्या आसपास कधीतरी उडालेला. काल संध्याकाळी लेकीला म्हटलं, चल, बरणीला धुरी द्यायची आहे. करवंटीचा तुकडा गॅसवर लाल होईपर्यंत धरला, पणतीत ठेवला, वर चिमूटभर हिंग आणि तेलाचा थेंब. तिनं दोन्ही हातांनी बरणी उपडी धरली. धूर आत भरला, काठावरून थोडा बाहेर आला, आणि सगळ्या घरात तो हिंगाचा कडवट, खमंग वास पसरला. ती खोकली, पण बरणी सोडली नाही. "हे कशासाठी?" तिनं विचारलं. म्हटलं, हात आत घालून बघ. आतून बरणी कोमट होती आणि ठणठणीत कोरडी.

मृग लागायच्या आत लोणचं घालायचं आहे. राजापुरी कैरी मिळाली तर शनिवारी आणते. बरणीच्या तोंडाला बांधायचं दादऱ्याचं फडकं धुऊन बाल्कनीत वाळत टाकलंय.