पहिल्या वेच्याची गंजी : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्या खेपेला रागच आला, खोटं काऊन बोलू! तुमचं म्हणणं असं, की पेशीतल्या प्रत्येक प्रथिनावर पत्ता असतो आणि ते त्या पत्त्यावर जातं, हे मी लिहिलेलं पोरांना सांगायला ठीक आहे, पण पांढऱ्या पेशींत कारभार एवढा सरळ नसतो. शिवाय, ‘खेड्यातल्या वाचकाला याचा उपयोग काय?’

‘प्रत्येक’ हा शब्द चुकला, कबूल. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीनंच मला तिथं खोटं पाडलं. या पेशीत जंतू मारणाऱ्या प्रथिनांच्या कणिका भरलेल्या असतात, दोन-तीन जातींच्या. कोणतं प्रथिन कोणत्या कणिकेत जाणार, हे बरंचसं ते कधी तयार झालं त्यावर ठरतं. अस्थिमज्जेत पेशी कोवळी असताना मायलोपेरॉक्सिडेज बनतं, ते पहिल्या कणिकांत. लॅक्टोफेरिन नंतरच्या. जिलेटिनेज त्याहून उशिराच्या. आपल्या घरात कापूस पडतो तसंच की! पहिला वेचा, दुसरा वेचा, मग फरदड. बोंडावर चिठ्ठी कोण लावतं? ज्या वेच्यात हाती आलं, त्या गंजीत गेलं. १९९६ साली हे तपासलंही गेलं. एनगॅल हे नंतरच्या कणिकांतलं प्रथिन. ते एचएल-६० या कोवळेपणातच अडकलेल्या पेशींत बनवायला लावलं, तर ते गेलं पहिल्या कणिकांत.

बाहेर पडताना क्रम उलटा. शेवटी बनलेल्या कणिका आधी रिकाम्या होतात, पहिल्या सगळ्यात मागून. बंडीत शेवटी टाकलेलं पोतं आधी उतरतं, असं लिहिणार होतो, थांबलो. कारण इथं वर-खाली रचलेलं काही नाही. उशिराच्या कणिकांच्या आवरणात व्हॅम्प-२ नावाचं, पेशीच्या पडद्याशी जुळवून देणारं प्रथिन जास्त असतं, म्हणून त्या चटकन मोकळ्या होतात.

पण पत्ता नसतोच, असं म्हणाल तर मी हटणार नाही. मारक टी पेशी ही दुसरी पांढरी पेशी; तिच्यातल्या ग्रॅन्झाइम या मारक प्रथिनावर मॅनोज-६-फॉस्फेटची खूण लागते आणि तिच्या जोरावर ते कणिकांत पोचतं. आय-सेल नावाच्या आजारात ही खूण लागत नाही, मग बरंच ग्रॅन्झाइम पेशीबाहेर गळतं. तरी थोडं कणिकांत पोचतंच, म्हणजे आडवाटही आहे. इथं अर्धे गुण तुम्हाला.

उपयोगाचं म्हणाल, तर रॅब२७ए हे प्रथिन घ्या. टी पेशीत मारक कणिकांना पडद्याशी भिडवायला ते लागतं आणि त्वचेत रंगाच्या कणांना पेशीच्या कडेला धरून ठेवायलाही तेच. ते बिघडलं की ग्रिसेली आजाराचा दुसरा प्रकार होतो: लेकराचे केस चांदीसारखे आणि प्रतिकारशक्ती ढासळलेली. केस सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर रंगाचे गोळे दिसतात. आजार फार दुर्मीळ आहे, पण अशा लेकराला ‘म्हातारे केस घेऊन आलं’ म्हणून हसण्याआधी दवाखान्यात न्यावं, एवढं खेड्यातल्या वाचकालाही कळलेलं बरं.

मूळ लेखात ‘प्रत्येक’च्या जागी ‘पुष्कळ’ केलंय आणि न्यूट्रोफिलचा परिच्छेद जोडलाय. सिकलसेलवर लिहा म्हणालात, ते राहिलंय. कापूस घरातून निघाला की बसतो.