'अंदाजपंचे काटे लावून देतात' या रिव्ह्यूला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू मंगळवारी रात्री शटर ओढताना वाचला. तुम्ही लिहिलंय की मीटर (स्पीडोमीटर) दुरुस्तीला दिलेली, गुरुवारी देतो म्हटलेली गाडी शनिवारी मिळाली, मीटरच्या काचेच्या आत केस राहिलाय, मीटर ४० दाखवतो तेव्हा मोबाईलचं जीपीएस ३८ दाखवतं आणि ८० ला ७५. आणि शेवटी, 'अंदाजपंचे काटे लावून देतात.'

उशीर झाला, केस राहिला, दोन्हीबद्दल मनापासून माफी मागतो. केस आमच्याच ब्रशचा आहे. काच बसवण्याआधी उजेडात धरून बघायला हवी होती, ती बघितली नाही. उशीर झाला कारण मीटरचे काटे फिरवणाऱ्या चार नव्या छोट्या मोटरींपैकी एक १०० च्या जवळ झटका देत होती. ती तशीच लावली असती तर गुरुवारी गाडी मिळाली असती, पण लावली नाही, दुसरी मागवली. हे फोन करून सांगायचं राहिलं, ती चूक आमची.

पण 'अंदाजपंचे' हा शब्द फार लागला, साहेब. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये मी वीस वर्षं गाड्यांच्या मीटरचंच काम करतोय, दुसरं काही करत नाही.

गाडी आली तेव्हा स्पीडचा काटा ६० च्या पुढे थरथरत होता आणि गाडी बंद केल्यावर कधीकधी २० वरच अडकायचा. मीटरचा सर्किट बोर्ड चांगला होता, काट्यामागच्या छोट्या स्टेपर मोटरीतले (ही टप्प्याटप्प्याने फिरते) प्लास्टिकचे दाते झिजले होते. काटा उपटायच्या आधी तो कुठे टेकतो याचा फोटो काढला, डायलला चिकटपट्टी लावून पेन्सिलने खूण केली. काटा दोन्ही बाजूंनी प्लास्टिकच्या पट्ट्या सरकवून सरळ वर उचलतात, वाकडा ओढला तर मोटरीची दांडी मोडते. नवी मोटर सोल्डर केल्यावर बाकावर सप्लाय दिला आणि काट्याशिवाय ती तिच्या शून्यावर येऊ दिली. मग पल्स मशीनवर, म्हणजे गाडीच्या सेन्सरसारखे वेगाचे विजेचे ठोके (पल्स) देणाऱ्या मशीनवर, ६० चा वेग दिला. तुमच्या मीटरला ६० दाखवायला सेकंदाला साधारण साडेबेचाळीस पल्स लागतात. त्या ६० वर काटा अलगद टेकवला, २०, ४०, ८०, १००, १२० तपासलं आणि मगच दाबला. काटा आणि डायलच्या मध्ये व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी जागा ठेवली. यात अंदाज कुठे आला?

आता तुमचेच आकडे बघा. काटा चुकीच्या जागी बसला असता तर चूक सगळीकडे सारखीच आली असती. ८० ला ५ चुकतो, तर ४० ला पण ५ च चुकला असता आणि गाडी उभी असतानाही काटा शून्याच्या पुढे दिसला असता. तुमच्या डायलवर ० ते १८० हे अंतर साधारण २४० अंशांचं आहे, म्हणजे ५ किलोमीटरला जवळजवळ ७ अंश. एवढं कुणाच्याही नजरेतून सुटत नाही. तुमच्याकडे मात्र ४० ला २ आणि ८० ला ५ चा फरक आहे. वेग वाढतो तसा फरक वाढतोय. हे काट्याचं काम नाही.

थोडा फरक कंपनीच ठेवते. मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये म्हणून तो मुद्दाम थोडा जास्त दाखवतो. संयुक्त राष्ट्रांच्या स्पीडोमीटरबद्दलच्या नियम ३९ मध्ये खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किलोमीटर एवढी सूट आहे. खरा वेग ७५ असेल तर मीटरने साडेशहाऐंशीपर्यंत दाखवलेलं चालतं, तुमचा ८० दाखवतोय. बाकीचा फरक टायरचा. पुढचे दोन्ही टायर गुळगुळीत झालेत हे मी जॉबकार्डवर लिहून दिलं होतं, खाली तुमची सही आहे. ८ मिमीची नक्षी २ मिमीवर आली की चाकाचा व्यास १२ मिमीने कमी होतो. चाक तेवढ्याच अंतरात जास्त फेरे मारतं आणि मीटर साधारण २ टक्के वाढवून दाखवतो.

हे सगळं मी शनिवारी गाडीत बसूनच दाखवणार होतो. तुम्हाला म्हटलं होतं, दहा मिनिटं थांबा, ट्रायल मारू. तुम्ही म्हणालात, 'माजिवड्याला आत्ताच जाम आहे, राहू दे', आणि चावी घेऊन निघालात. तुमची घाई समजते, घोडबंदरला राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी साडेसात म्हणजे काय ते मलाही माहीत आहे. पण मग रिव्ह्यूत ही गोष्ट पण लिहायला हवी होती.

किलोमीटर आम्ही कुणाचे कमी करून देत नाही, कितीही पैसे दिले तरी नाही. तुमच्या मीटरवर आले तेव्हा ९४,२१८ होते, गेले तेव्हाही तेवढेच होते, दोन्ही फोटो तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत.

बुधवारी दोन गिऱ्हाइकांनी फोन करून विचारलं, 'काटे नीट लावता ना?' एकाने ठरलेलं काम पुढे ढकललं. दुकानात माझ्याबरोबर दोन पोरं काम करतात, त्यांनीही तुमचा रिव्ह्यू वाचला. ज्याने काच बसवली तो दिवसभर बोलला नाही.

यापुढे ट्रायलशिवाय गाडी द्यायची नाही असं ठरवतोय आणि उशीर होणार असेल तर आधी कळवण्याची काहीतरी सोय करतो.

रविवारी सकाळी सहाला रस्ता मोकळा असतो. गाडी घेऊन या, केस काढून देतो, पैसे नाहीत. नंतर गायमुखपर्यंत जाऊन येऊ, तुम्ही चालवा, मी मोबाईल धरतो. ६० वर गाडी अर्धा मिनिट स्थिर ठेवायची, तोपर्यंत जीपीएसचा आकडा बघायचा नाही, तो थोडा मागून येतो. त्यानंतरही मीटर चुकीचा वाटला तर मजुरी परत घेऊन जा.