तबक फ्रिजवरच राहू दे

आमच्या फ्रिजवर बारा महिने दोन गोष्टी असतात, स्टॅबिलायझर आणि विजेची बिलं. घट बसले की तिसरी येते, औक्षणाचं तबक. ते थेट तुळशीच्या लग्नापर्यंत तिथून हलत नाही. लग्न होऊन आले त्या पहिल्या वर्षी मी सुनेच्या उत्साहानं ते घासून-पुसून कपाटात ठेवलं होतं. सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "वर कशाला ठेवतेस? परवा लागेल." परवा लागलं. तेरवाही लागलं. तेव्हापासून मी नाद सोडला.

त्याचं असं आहे, की आमच्या घरातली झाडून सगळी माणसं ऑक्टोबर-नोव्हेंबरात जन्मलेली आहेत. सासरे 2 ऑक्टोबर, माझी लेक 19 ऑक्टोबर, नणंद 24 ऑक्टोबर, नवरा 12 नोव्हेंबर, नानाकाका म्हणजे माझे चुलतसासरे 13 नोव्हेंबर आणि नणंदेचा मुलगा 14 नोव्हेंबर. ह्यातून नऊ महिने वजा केले की जानेवारी-फेब्रुवारी येतो. संक्रांतीला 'गोड बोला' म्हणतात ते ह्या घराण्यानं जरा जास्तच मनावर घेतलं असावं. मी बाहेरून आलेली, मे महिन्यातली. माझा वाढदिवस आमरस-पुरीवर शांतपणे उरकतो आणि त्याबद्दल मी माझ्या आईवडिलांची ऋणी आहे.

बरं, नुसते वाढदिवस असते तर निभावलं असतं. पण त्याच दोन महिन्यांत नवरात्र, दसरा, कोजागिरी आणि दिवाळी. आणि आमच्या घरात वाढदिवस तारखेनंही होतो, तिथीनंही. तारीख केकवाल्यासाठी, तिथी देवासाठी. सगळ्यात कहर 2023 साली झाला. त्या वर्षी श्रावण अधिक आला, त्यामुळे पुढचे सगळे सण पुढे सरकले आणि आमच्या वाढदिवसांवर येऊन आदळले.

सुरुवात सासऱ्यांपासून. नोकरीच्या काळात वाढदिवसाला एकदाही कामावर जावं लागलं नाही, ह्याचं सगळं श्रेय बाबा महात्माजींना देतात. पण त्या वर्षी 2 ऑक्टोबर पितृपक्षात आला. सासूबाईंनी ओवाळायला साफ नकार दिला.

"अहो, मी जिवंत आहे," बाबा म्हणाले.

"म्हणूनच. वर उगाच गैरसमज नको व्हायला."

वाढदिवस दसऱ्यावर ढकलला गेला. 2 तारखेला दुपारच्या जेवणाला बाबांनी मुद्दाम खीर आहे का म्हणून विचारलं. सासूबाईंनी पोळीभाजी वाढली.

लेकीचा वाढदिवस पाचव्या माळेला आला. गुरुवार, म्हणजे रंग पिवळा. तिला आणलेला फ्रॉक होता गुलाबी. तिला त्याचं काहीच वाटलं नाही, पण बँकेतून मी पिवळी साडी नेसून आले होते, शेजारच्या काकू पिवळ्या, वर्गातल्या मुलांच्या आयांपैकी सहा जणी पिवळ्या. फोटोत वाढदिवस कुणाचा ते कळेना. केक बिनअंड्याचा, कारण घरात घट. आणि उपासाच्या मोठ्यांसाठी वेगळी साबुदाण्याची खिचडी. एका मुलानं दोन्ही खाल्लं आणि वर चकलीही मागितली. त्याच्यावर माझा जीव आहे, कारण त्या संध्याकाळी पानात काहीही न टाकणारा तो एकटाच होता.

दसऱ्याला बाबा आणि नणंद अशी दोघांची एकत्र पाटावर वर्णी लागली. नणंद आधीच घुश्शात होती. तिची तक्रार खरी आहे. आदल्या वर्षी, 2022 ला, लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होतं. माझा नवरा लक्ष्मीपूजनाचा जन्म, म्हणजे त्याची तिथी तिच्या तारखेवर. ह्या वर्षी दसरा आणि वर बाबांची थकबाकी. "माझा वाढदिवस नुसता माझा कधी असणार?" असं म्हणत तिनं सोनं वाटायला घेतलेल्या आपट्याच्या पानाचे चार तुकडे केले. सासूबाईंनी तिच्या पानात श्रीखंडाचा जास्तीचा डाव वाढला. आमच्याकडे न्याय अशा पद्धतीनं होतो.

मग आली कोजागिरी. कोजागिरीला ज्येष्ठ अपत्याची आश्विनी करतात हे ज्यांना माहीत नाही ती माणसं सुखी आहेत. आमच्याकडे बाबा थोरले, नवरा थोरला, लेक थोरली आणि माहेरची थोरली मी. पैकी मला सासूबाई ओवाळेनात. "तुझी आश्विनी तुझ्या आईनं करायची." माझी आई डोंबिवलीला, आम्ही ठाण्यात, रात्रीचे साडेनऊ. शेवटी आईनं व्हिडिओ कॉल लावला, फोन पाटावर डब्याला टेकवून ठेवला आणि मला ओवाळलं. मला अर्धा वेळ नुसतं निरांजन दिसत होतं, अर्धा वेळ आईचं नाक. तिसऱ्या फेऱ्याला काचेवर कुंकू लागलं आणि फोन बंद झाला. आईला वाटलं मी ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती माझ्याशी बोलत नव्हती.

पण खरं रणकंदन झालं ते दुधावरून. त्या रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होतं. ग्रहण मध्यरात्रीनंतर एकच्या सुमाराला लागणार, पण वेध दुपारपासून. इकडे मी चार लिटर दूध आटवून, केशर, चारोळ्या, जायफळ घालून ठेवलेलं. सोसायटीची गच्ची धुऊन सतरंज्या घातलेल्या. घरात तीन पक्ष पडले. सासूबाई म्हणाल्या, वेधात तोंडाला थेंब लावायचा नाही. बाबा म्हणाले, लहान मुलं, आजारी आणि वृद्धांना सवलत असते, आणि मी वृद्ध आहे. हा गृहस्थ चारच दिवसांपूर्वी दसऱ्याला 'वय हा फक्त आकडा आहे' म्हणून भाषण देऊन बसला होता. लेकीनं शाळेतलं सगळं सांगून टाकलं, पृथ्वी मध्ये येते, तिची सावली चंद्रावर पडते, त्यात घाबरायचं काही नाही.

"सावली चंद्रावर पडू दे की," सासूबाई म्हणाल्या, "दुधात पडायला नको."

तोडगा म्हणून पातेल्यात तुळशीचं पान पडलं. सवलतवाले गच्चीवर गेले आणि बाबा तीन पेले दूध पिऊन आले. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवायचं, तर वर तबक, आत घटासाठी आणलेल्या वस्तूंचं उरलंसुरलं, जागा करता करता रात्रीचा एक वाजला. मोठी पातेली घासून मी खिडकीशी आले तर ग्रहण चालू होतं. बत्ताशाचा कोपरा दातानं तोडावा तेवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी दोन लिटर दूध उरलं होतं. ते आम्ही सोमवारपर्यंत पीत होतो.

नवऱ्याच्या वाढदिवसाची मात्र मी वाट बघत होते, आणि त्याला शास्त्रीय कारण होतं. चंद्राचं नि सूर्याचं गणित साधारण दर 19 वर्षांनी जुळतं. तो 12 नोव्हेंबर 1985 चा, लक्ष्मीपूजनाचा. 2004 ला लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरलाच होतं आणि 2023 ला पुन्हा तसंच. म्हणजे तिथी आणि तारीख एकाच दिवशी! एक केक वाचला, एक औक्षण वाचलं, पुढची 19 वर्षं हा योग नाही. वर त्याच पहाटे नरकचतुर्दशी. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, ह्या वेळी सगळं मिळून एकदाच ओवाळू या."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी बँकेत दोन खातेदारांचे पैसे एका खात्यात टाकायचं म्हणतेय. "नरकासुराचं वेगळं, तिथीचं वेगळं, तारखेचं वेगळं." पहाटे पाचला तेल-उटणं लावून एकदा, दहाला पाटावर एकदा, संध्याकाळी लक्ष्मीपूजनानंतर केकसमोर एकदा. तिकडे क्रिकेटच्या वर्ल्ड कपमध्ये बेंगळुरूत आपण नेदरलँड्सविरुद्ध नऊ जणांकडून गोलंदाजी करून घेतली. मी इकडे एकटी तिन्ही स्पेल टाकत होते. नवरा तिसऱ्या वेळी पाटावरच पेंगला, अक्षता नाकात गेल्या तेव्हा जागा झाला.

13 तारीख मी कॅलेंडरवर हिरव्या पेनानं गोल करून ठेवली होती. अमावास्या लांबल्यामुळे लक्ष्मीपूजन आणि पाडवा ह्यांच्यामध्ये एक अख्खा दिवस मोकळा होता. काही नाही. ना सण, ना स्नान. मी दहापर्यंत झोपणार होते. सातला दाराची बेल वाजली. दारात नानाकाका, हातात बॅग.

"विसरलीस ना?" सासूबाई मागून म्हणाल्या. "भाऊजींचा वाढदिवस."

नानाकाका कर्जतला एकटे राहतात. माणूस मोठा मायाळू. खोड एकच, जेवण झालं की अडकित्ता आणि सुपारी. मी ओवाळलं तेव्हा त्यांनी तबकात दोन हजारांची नोट टाकली. गुलाबी, कोरी करकरीत, गादीखालची. बँकेत बदलून घ्यायची मुदत 7 ऑक्टोबरलाच संपली होती, आणि मे महिन्यापासून रोज काउंटरवर बसून मीच लोकांना ती समजावत होते. "अगं, नोट खरी आहे," काका म्हणाले. आहेच खरी. फक्त आता ती घेऊन बेलापूरला रिझर्व्ह बँकेच्या रांगेत उभं राहायला लागणार होतं. मी वाकून नमस्कार केला. ती नोट अजून माझ्या पोथीत आहे.

पाडव्याबद्दल आणि भाच्याच्या वाढदिवसाबद्दल मला फारसं आठवत नाही. फोटोंवरून दिसतं की मी हजर होते.

भाऊबीज 15 तारखेला. भाऊबीज म्हणजे एकेरी मार्गावरची रेल्वे वाहतूक. माझी नणंद आमच्याकडे येणार माझ्या नवऱ्याला ओवाळायला. पण ती तिच्या नणंदा येऊन गेल्याशिवाय घर सोडू शकत नाही. मी डोंबिवलीला जाऊ शकत नाही, कारण नणंद आलेली नाही. माझी वहिनी कल्याणला तिच्या भावाकडे जाऊ शकत नाही, कारण मी गेलेले नाही. कल्याणला कोण कुणासाठी खोळंबलं होतं देव जाणे. दरवर्षी कुठेतरी एक बाई रडते आणि मग सिग्नल पडतो. त्या वर्षी त्यात वानखेडेवर न्यूझीलंडशी सेमीफायनल, दुपारी दोनला. माझा भाऊच सकाळी अकराला पाट आणि आईला गाडीत घालून आमच्याकडे आला, ओवाळून घेतलं आणि परत न जाता इथेच बसला. दोनपर्यंत हॉलमध्ये तेरा माणसं झाली होती.

काकांनी फर्मान काढलं, जो जिथे बसलाय त्यानं तिथून हलायचं नाही. नणंद पाच वाजता पोचली तेव्हा तिला टीव्हीच्या बाजूनं, तिरकं ओवाळावं लागलं. "आड आलीस तर ओवाळणी नाही," इति सख्खा भाऊ. कोहलीचं पन्नासावं शतक झालं तेव्हा तिच्या हातात निरांजन होतं. तिनंही उडी मारली आणि सतरंजीला तेल सांडलं. 397 धावा झाल्या. चहा, फराळ, पुन्हा चहा. चकल्या संपल्या हे त्या दिवशी पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग मिचेल आणि विल्यमसन उभे राहिले. हॉलमध्ये शांतता. शमीच्या हातून झेल सुटला तेव्हा बाबांनी डोळे मिटून घेतले. ती जोडी फुटेना. अडकित्त्याचा कट्कट् आवाज मला आठवतो, पण त्या क्षणी कोण तिकडे बघतंय? पुढे शमीनंच विल्यमसनला घालवलं, त्याच षटकात आणखी एक, आणि शेवटी सात बळी घेऊन सामना आपण 70 धावांनी जिंकला. नाचून झालं, फटाके वाजवून झाले. रात्री अकराच्या सुमाराला माझ्या आत्तेसासूबाई बदलापूरहून हाशहुश करत आल्या, दोन भावांना ओवाळायला. त्या मोसमातलं एकविसावं औक्षण. गणपतीला मोदक असतात तेवढी झाली, मी मनात म्हटलं, आणि तबक उचललं.

"सुपारी कुठाय?" सासूबाई.

अंगठी होती. अक्षता होत्या. सुपारी नव्हती. आता ही सुपारी म्हणजे साधी नव्हे. माझ्या नवऱ्याच्या बारशापासूनची. 38 वर्षं हळदीकुंकू आणि तेल पिऊन ती चिंचोक्यासारखी काळी झाली होती. घरातलं प्रत्येक कपाळ तिनं पाहिलेलं. पाटाखाली शोधलं, सतरंजी झटकली, भाच्याचे खिसे उलटे केले. मग हळूहळू सगळ्यांच्या माना नानाकाकांकडे वळल्या. अडकित्ता त्यांच्या मांडीवर होता.

काका तोंडातला घास थांबवावा तसे थांबले. "तरीच," ते म्हणाले, "फुटायला एवढी चिवट कशी. आणि चव जरा कुंकवाची येत होती. म्हटलं ठाण्यात नवीन निघाली असेल."

आत्या हसून हसून पाटावर बसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी अंगठी काकांच्या हातात दिली, त्यांना बाबांच्या शेजारी बसवलं आणि आत्यांना म्हणाल्या, "ओवाळा. सुपारी आतच आहे."

काका दुसऱ्या दिवशी जाणार होते, फायनलपर्यंत राहिले. रविवारी काय झालं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सासूबाईंचं आजही म्हणणं आहे की घरातली सुपारी खाल्ली म्हणून वर्ल्ड कप गेला. काकांचं म्हणणं बरोब्बर उलट आहे. सुपारी खाल्ली म्हणून सेमीफायनल जिंकलो, आणि फायनलला तसली दुसरी घरात नव्हती. तुळशीच्या लग्नाला दोघांचा ह्यावरून वाद सुरू झाला, तो ह्या दिवाळीपर्यंत मिटलेला नाही.

नवी सुपारी मीच आणली. तिला अजून रंग चढायचा आहे. काका यायचे असले की तबक फ्रिजवर राहतं आणि सुपारी मी चकलीच्या सोऱ्यात घालून झाकण पिळून ठेवते.