‘स्मार्ट कॅज्युअल’ म्हणजे काय, ते एकदा लिहून द्या

काल रात्री ऑफिसच्या कार्यक्रमातून घरी आलो, दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही, आणि आत्ता सकाळीही डोकं तापलेलंच आहे. म्हणून लिहितोय.

निमंत्रणात खाली एकच ओळ होती. ‘ड्रेस कोड: स्मार्ट कॅज्युअल’. दोन शब्द फेकले, आयोजकांचं काम संपलं. आमच्या टीममध्ये आठ महिन्यांपूर्वी लागलेला एक मुलगा आहे, पहिलीच नोकरी. तो बिचारा आठवडाभर विचारत फिरत होता. एक म्हणाला, ‘जीन्स चालेल, वर जॅकेट टाक.’ दुसरा म्हणाला, ‘जीन्स अजिबात नको, मोठे साहेब येणारेत.’ ज्यांनी मेल पाठवला होता त्यांनाच विचारलं, तर उत्तर आलं, ‘नीटनेटकं काहीतरी घाल रे, एवढा काय विचार करतोस!’ शेवटी त्याने साठवलेल्या पगारातून आयुष्यातला पहिला ब्लेझर घेतला. गडद निळा, साधा. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर, बाहीखालून शर्टाचा कफ अर्धा इंच डोकावणारा. खोलीतल्या निम्म्या साहेबांपेक्षा तो चांगला दिसत होता, हे मी शपथेवर सांगतो.

पण ब्लेझरला पाठीमागे खाली जी चीर असते ना, तिचे दोन पदर हलू नयेत म्हणून फुलीचा कच्चा टाका घातलेला असतो, तो तसाच राहिला होता. निळ्या कापडावर पांढरा दोरा. आणि डाव्या बाहीवर, बटणांच्या वर, कापडाच्या ब्रँडचं लेबल.

आमच्या साहेबांना ते दिसलं. बाजूला घेऊन कानात सांगायचं की नाही? पंधरा माणसांत, खणखणीत आवाजात: ‘काय रे, वॉरंटी संपेपर्यंत लेबल काढायचं नाही वाटतं!’ सगळे हसले. त्याला काय झालं तेच कळेना. तोही हसला आधी, सगळे हसतायत म्हणून. मग कुणीतरी म्हणालं, ‘अरे, मागे पण बघ.’ तर तो मान वळवून स्वतःची पाठ बघायला लागला, एक हात मागे नेऊन चाचपडत. एका शहाण्याने फोन काढून फोटो घेतला. दहा मिनिटांत तो ग्रुपवर होता, खाली हसून डोळ्यांत पाणी आलेले बारा चेहरे.

त्यानंतर तो मुलगा भिंतीला पाठ लावून उभा राहिला. जेवायलासुद्धा हलला नाही.

मी त्याला वॉशरूममध्ये घेऊन गेलो. माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात नेलकटर असतो. फुलीच्या मधोमध त्याची कड घालून कट, कट, दोन टाके. दोरा ओढला, निघाला, मागे काही खूण नाही. लेबलला जास्त वेळ लागला, चारी कोपरे बारीक टाक्यांनी पक्के केले होते, आणि खालचं कापड कापलं जाऊ नये म्हणून एकेक टाका उचलून तोडावा लागला. तो बाही पुढे करून उभा होता, हात थरथरत होता. म्हणाला, ‘सर, हे काढायचं असतं हे कळतं कुठून लोकांना?’

आहे कुणाकडे उत्तर? कळतं कुठून? ज्याच्या घरात बापाने, काकाने, मोठ्या भावाने आधी कोट घातलेला असतो त्याला कळतं. बाकीच्यांना असंच कळतं, पंधरा माणसांत. तो टाका कारखान्यात घालतात तो माल ये-जा करताना, हँगरवर लटकताना चिरेचा आकार बिघडू नये म्हणून. खिसेही त्याचसाठी शिवून बंद केलेले असतात. गिऱ्हाइकाने घरी नेऊन ते उसवायचे असतात. पण लिहिलंय कुठे? आत धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी असते, तिच्यावर त्रिकोण, चौकोन, वर्तुळ, फुल्या, सगळी भूमिती असते. ‘मागचा पांढरा दोरा कापा’ एवढे चार शब्द तिच्यावर मावत नाहीत? आणि तो विकणारा! अर्धा तास ‘सर, एकदम परफेक्ट फिटिंग’ करत होता म्हणे. काउंटरवर कात्री पडलेली असते. दहा सेकंदांचं काम. पैसे मोजून घेतले, पिशवीत घातलं, पुढचं गिऱ्हाईक.

आणि ज्यांनी तोंड उघडलं त्या साहेबांबद्दल सांगतो. दोन बटणांचा कोट, आणि दोन्ही बटणं लावलेली! खालचं बटण लावायचं नसतं. इंग्लंडचा राजा एडवर्ड सातवा, त्याचं पोट सुटलं म्हणून त्याने वेस्टकोटाचं शेवटचं बटण उघडं ठेवलं आणि बघून बघून सगळ्यांनी ठेवलं, असं सांगतात. ते खरं असो नसो, आज कोट बेतलाच जातो खालचं बटण उघडं राहील असा. लावलं की पोटावर ताणून सुरकुत्या पडतात, तशा पडल्या होत्या. छातीवर कापडाला फोड आलेले, म्हणजे आतलं चिकटवलेलं अस्तर उष्णतेने सुटलेलं. पायांत पांढरे स्पोर्ट्स शूज. खुर्चीत बसून पायावर पाय टाकला की आखूड मोज्यावर वीतभर उघडी पोटरी. या माणसाने एका पोराच्या दोऱ्यावर हसायचं! आणि त्या वेळी मी गप्प बसलो, तेच जास्त सलतंय. तिथेच सांगायला हवं होतं.

मुळात हा सगळा घोळ त्या दोन शब्दांचा आहे. ‘स्मार्ट कॅज्युअल’. मागे एकदा याच दोन शब्दांवर मी पोलो शर्ट आणि चिनोज (साध्या सुती पँटी म्हणतात त्या) घालून गेलो, तर ‘जरा फॉर्मल चाललं असतं हं’. पुढच्या वर्षी, तेच दोन शब्द, म्हणून जॅकेट घालून गेलो, तर ‘काय, इंटरव्ह्यूला निघालास?’ तेच लोक! तीच जागा! नियम सांगायचा नाही, पण मोडला की शिक्षा मात्र द्यायची. याला ड्रेस कोड म्हणत नाहीत, याला सापळा म्हणतात.

‘ब्लॅक टाय’ला लोक नावं ठेवतात, जुनाट म्हणतात. मला विचाराल तर तोच सगळ्यांत दयाळू नियम आहे. काळं डिनर जॅकेट, पांढरा शर्ट, काळा बो टाय, काळे बूट. विषय संपला. कोण कुठल्या घरातून आला याने काही फरक पडत नाही, कारण सगळं आधी सांगितलेलं असतं. नसेल तर भाड्याने आणा, पण काय आणायचं ते तरी माहीत असतं.

आणि हा सैलपणाचा धंदा आला कुठून तेही बघा. हवाईमध्ये तिथल्या कपडेवाल्यांनी रेटा लावला की उन्हाळ्यात कामावर अलोहा शर्ट, म्हणजे तिकडचा फुलाफुलांचा रंगीत शर्ट, चालायला हवा. आमदारांना फुकट शर्ट वाटले, आणि 1966 पासून तिकडे अलोहा फ्रायडे सुरू झाला, म्हणजे शुक्रवारी ऑफिसात तो शर्ट चालू लागला. तिथून ते लोण पसरलं. मग सगळीकडे गोंधळ उडाला की शुक्रवारी नक्की घालायचं काय. तेव्हा 1992 मध्ये लिव्हाय स्ट्रॉस या जीन्सवाल्या कंपनीने काय घालायचं याची एक पुस्तिका काढून ठिकठिकाणच्या एचआरवाल्यांना पाठवली. त्यांना खाकी पँट्स विकायच्या होत्या, उघड आहे. पण निदान त्यांनी फोटो छापून दाखवलं, हे असं घाला. विकणाऱ्याला जे समजतं ते तीस वर्षांनंतर आमच्या एचआरला समजू नये?

जपानच्या सरकारने 2005 मध्ये कूल बिझ काढलं. ऑफिसात एसी 28 अंशांवर, आणि उन्हाळ्यात टाय नको, जॅकेट नको, खुद्द पंतप्रधान बिनटायचे फिरले. 2011 मध्ये भूकंपानंतर विजेची चणचण झाली तेव्हा आणखी सैल केलं, पोलो शर्ट चालेल, अलोहा शर्ट चालेल, असं नाव घेऊन सांगितलं. नाव घेऊन! ‘नीटनेटकं काहीतरी’ नाही.

आमच्याकडे मात्र मीटिंगला जॅकेट पाहिजे, म्हणून एसी 19 वर. कपड्यांच्या उबेचं मोजमाप आहे, क्लो म्हणतात, 1941 मध्ये ठरलेलं. 1 क्लो म्हणजे साधारण सूट घातलेल्या माणसाच्या कपड्यांची ऊब. पँट आणि लांब बाह्यांचा शर्ट 0.61 भरतो, त्यावर जॅकेट चढवलं की 0.96. म्हणजे एका जॅकेटने अंगावरची ऊब दीडपटीच्याही वर जाते. ती सोसवावी म्हणून अख्खी इमारत गार करायची, आणि ज्यांच्या अंगावर जॅकेट नाही त्यांनी शाल गुंडाळून टायपिंग करायचं. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम वर्षभर कुडकुडतात. त्यापेक्षा त्या खोलीतल्या आठ माणसांनी जॅकेटं काढून खुर्चीला अडकवली तर काय बिघडेल? पण पहिलं कुणी काढायचं? साहेब काढत नाहीत तोवर कुणीच नाही.

आता तोंड उघडलंच आहे तर कपडे बनवणाऱ्यांनाही सोडत नाही. पँटवर 34 लिहितात, टेप लावली तर 36 भरते. गिऱ्हाइकाला आपण बारीक झालो असं वाटावं म्हणून! इंच म्हणजे इंच असतो, त्यात लाड कसले? एका कंपनीची 34 कमरेवरून घसरते, दुसरीची मांडीत अडकते. शर्टांचं तेच. ज्या शर्टाचं टोक खाली गोल कापलेलं असतं, पुढे-मागे लांब, बाजूला वर चढलेलं, तो खोचायचा असतो. सरळ कापलेला असतो तो बाहेर सोडला तरी चालतो. साधी गोष्ट आहे, पण दुकानातले पुतळेसुद्धा गोल टोकाचे शर्ट बाहेर सोडून उभे असतात. मग पोरं तेच बघून तसेच ऑफिसला येतात, आणि मग त्यांनाच ऐकवायचं, ‘शर्ट नीट खोचता येत नाही का?’

पॉलिएस्टरच्या चकचकीत सुटांबद्दल तर बोलायलाच नको. घाम बाहेर जात नाही, दिव्याखाली पत्र्यासारखे चमकतात, आणि तेच नवख्यांच्या गळ्यात मारतात.

लग्नाच्या निमंत्रणांचं आणखी वेगळंच. चार दिवस आधी मेसेज, ‘थीम पेस्टल आहे हं, जेन्ट्सनी पण पाळा प्लीज.’ पेस्टल म्हणजे कुठला रंग? फिका गुलाबी? फिका हिरवा? घरातला फिका निळा शर्ट, ज्याच्यावर मी तीन वर्षं ऑफिस काढलं, तो पेस्टलमध्ये येतो का? विचारलं तर हसतात. ‘पुरुषांचं काय, शर्ट-पँट अडकवली की झालं!’ हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. झालं ना? मग नंतर फोटो बघून ‘याने काय घातलंय’ कशाला म्हणता? पुरुषाने कपड्यांबद्दल विचारलं की तो नटवा, आणि न विचारता चुकला की गबाळा. मधली जागाच ठेवलेली नाही. म्हणूनच कुणी विचारत नाही, आणि म्हणूनच पाठीवर फुली घेऊन एक चांगला मुलगा भर कार्यक्रमात जातो.

आज सकाळी मी ग्रुपवर लिहिलं की तो फोटो काढून टाका. ज्याने टाकला होता त्याने काढला, ‘चिल सर, मजा होती’ असं वर लिहून. त्या मुलाने रजा टाकली आहे. पोट बिघडलंय म्हणे.

आणि थोड्या वेळापूर्वी पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमाचं निमंत्रण आलं. ‘ड्रेस कोड: स्मार्ट कॅज्युअल’. मी लगेच सगळ्यांना दिसेल असं उत्तर टाकलं. कोट हवा की नको? जीन्स चालेल की नाही? चामड्याचे बूट हवेत की स्पोर्ट्स शूज चालतील? तीन प्रश्न, तिन्हींना हो किंवा नाही एवढंच उत्तर पुरे आहे, आणि ते निमंत्रणातच लिहून पुन्हा पाठवा.

अर्ध्या तासाने त्याखाली एक अंगठा आला. फक्त अंगठा. मी तेच तीन प्रश्न पुन्हा पाठवले आहेत.