‘बेसूर खोक्या’बद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

आमच्या घरातल्या पियानोवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, ते बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. “ताई, बेसूर खोक्याचं एवढं कौतुक करणारी संगीतशिक्षिका पहिल्यांदाच पाहिली. त्यातून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, गमक (सूर घोळवणं) निघत नाही. साहेबाचं टाकून दिलेलं सामान. त्याच्या डागडुजीत घातलेल्या पैशांत चांगला डिजिटल आला असता. आणि अशा वाद्यावर शिकणाऱ्या पोरांच्या कानांचं काय?” वर शेवटी, विकायचा झाला तर किती येतील, हेही विचारलंत.

पोरांच्या कानांचं आधी सांगते, कारण तिथे तुमचा राग रास्त आहे आणि चूक माझी आहे. लेखात मी “वाद्य अजून सुरात आहे” असं लिहून गेले. ते आपल्यापुरतं सुरात आहे. जगाच्या हिशेबाने पूर्ण अर्धा स्वर खाली आहे. पांढरी पाच दाबली की तिच्या डावीकडच्या काळी तीनचा सूर वाजतो. म्हणून माझ्याकडची प्रारंभिक-प्रवेशिकेची (गायनाच्या पहिल्या परीक्षांची) मुलं तानपुऱ्यावर गातात, पेटीवर बोटं बसवतात. पियानोला हात लावायची परवानगी आहे, पण त्यावरून सूर घ्यायची नाही. लेखातलं ते वाक्य काल दुरुस्त केलं.

मींडेबद्दल वाद घालत नाही. पट्टी दाबली, हातोडी तारेवर पडली, की पुढे वाजवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. पण दादा, हाच आरोप पेटीवरही झाला होता. आकाशवाणीने 1940 साली तिला स्टुडिओबाहेर काढलं ते तीसेक वर्षं. त्या काळात आपल्याकडच्या भजनातली पेटी काही बंद पडली नाही. परकीपणाचं म्हणाल, तर संगीत नाटकातला ऑर्गन तरी कुठे तापीकाठी उगवला होता?

आता ‘साहेबाचं सामान’. साहेब म्हणजे नेमका कोण होता ते सांगते. भुसावळला रेल्वेच्या बंगल्यांत आणि क्वार्टर्समध्ये अँग्लो-इंडियन कुटुंबं बरीच होती. त्यातले एक ड्रायव्हर 1972 साली बायकोमुलांसह पर्थला जायला निघाले. माझे बाबा लोको शेडमध्ये, म्हणजे रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात, फिटर. ते खरं तर शिवणयंत्र बघायला गेले होते. यंत्र आधीच विकलं गेलेलं, मग साडेतीनशे रुपयांत हा उभा पियानो घेऊन आले. पितळी मेणबत्तीदाण्या लावलेला, 85 पट्ट्यांचा, म्हणजे आजच्या पियानोपेक्षा तीन कमी. शेडमधले सहा खलाशी (मदतनीस कामगार) आणि एक हातगाडी. आई दारातच उभी राहून म्हणाली, “आते हाई कोन वाजाडी?” ती धुळ्याकडची, चिडली की अहिराणीत यायची.

वाजवणारं कोणी नव्हतंच. बाबांनी आधी तो उघडला. फिटर माणूस, त्याला आतलं बघायचं होतं. आत बिडाची भलीमोठी चौकट, तिच्यावर दोनशेच्या वर तारा, आणि सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात. हे कळल्यावर बाबा कितीतरी वेळ नुसते बघत बसले. बॉयलर कळणाऱ्या माणसाला ताण कळतो. मधल्या आणि वरच्या सुरांना दोन-दोन, तीन-तीन तारा असतात. त्या एकमेकींशी तंतोतंत जुळल्या नाहीत तर सूर हलतो, ‘वांव-वांव-वांव’ असा. बाबा त्याला म्हणायचे, तार डोलतेय. चौकोनी डोक्याच्या खुंट्या फिरवायला त्यांनी शेडमधल्या जुन्या पान्याची किल्ली घडवली. तिसरी तार गप्प करायला हवाई चपलेच्या रबराची पाचर. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या एका गोवेकर काकांनी त्यांना पंचम जुळवायला शिकवलं, आणि एक विचित्र गोष्ट सांगितली: पियानोतला गंधार पुरता जुळवायचा नाही, डोलताच ठेवायचा.

हे तुमच्यासारख्या गाणाऱ्याला खटकेल. मलाही पुढे खटकलं. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येतो त्या गंधारापेक्षा पियानोचा गंधार साधारण 14 सेंट चढा असतो. म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळपास सातवा हिस्सा. बाराही सुरांवरून सारखंच वाजवता यावं म्हणून ही तडजोड. मधल्या सप्तकात हा गंधार षड्जाबरोबर दाबला तर सेकंदाला दहाएक ठोके, म्हणजे तेच डोलणं, पडतात, आणि तेवढे पडले तरच काम बरोबर. बाबांना याचं जराही नवल वाटलं नाही. “बेअरिंगला क्लिअरन्स ठेवावाच लागतो,” म्हणाले. “फिट बसवलं तर जाम होईल.”

खानदेशातला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की पियानोचं लाकूड सुकतं, आतला ध्वनिफलक (तारांचा आवाज मोठा करणारी फळी) आक्रसतो, सूर उतरतो. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं, सूर चढतो आणि पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. म्हणून आमच्याकडे मार्चपासून खालच्या फळीआड पाण्याने भरलेला डालड्याचा डबा, आणि जुलैत त्याच जागी 40 वॉटचा बल्ब. उंदरांसाठी डांबरगोळ्या बाराही महिने. मंद्रातल्या तीन हातोड्यांचा नमदा त्यांनी तरीही खाल्लाच.

पैशांचं म्हणाल, तर सगळ्यात महागात पडलेली डागडुजी माझीच. 1998 साली पगाराची थकबाकी हातात आली आणि मी मुंबईहून ट्यूनर बोलावला. त्याने दहा मिनिटं बघून सांगितलं, “बाई, आहे तिथेच बसवतो, वर नेऊ नका.” मी ऐकलं नाही. मला जगाच्या सुरात हवा होता. पहिली तार तुटली तेव्हा गोळी सुटल्यासारखा आवाज झाला. मांजर पळालं ते संध्याकाळपर्यंत दिसलं नाही. दुसरी तुटली, तिसरी तुटली. तेव्हा मी थांबा म्हटलं. बाबा पलंगावर पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं रागावले. नंतर कळलं, त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

शेडमध्ये बॉयलरशेजारी तीस-पस्तीस वर्षं घणाचे आवाज झेलून कान गेले होते, आणि घरात कोणालाही पत्ता नव्हता, कारण पियानो तर ते दर दोन-तीन महिन्यांनी लावतच होते. कसा, ते मी त्यानंतर पाहिलं. डावा तळहात खालच्या फळीवर सपाट ठेवायचा, उजव्या हाताने खुंटी फिरवायची. तार डोलायची ती त्यांना तळहातात कळायची. हलणं लांबत जायचं, लांबत जायचं, मग फळीतली थरथर एकसारखी व्हायची. “थांबली?” असं मला विचारायचे. मी कानाने ऐकून हो म्हणायचे. बहुतेक वेळा मी हो म्हणायच्या आधीच त्यांनी किल्ली काढलेली असायची.

2005 नंतर भारनियमन वाढलं, तेव्हा हे काम आम्ही वीज गेली की करायचो. गल्लीतले सगळे कूलर बंद, पंखे बंद. घामाने किल्ली निसटायची, पण मला ठोके स्पष्ट ऐकू यायचे. त्यांना तसा काही फरक पडत नव्हता. 2011 मध्ये ते गेले.

डिजिटलबद्दल तुमचं म्हणणं चुकीचं नाही. 2019 साली मी एक घेतला. वजनदार पट्ट्या, हेडफोन लावून रात्री अकराला रियाज करता येतो, उन्हाळ्यात सूर हलत नाही. रोज त्यावरच बसते. तो बिघडला तर दुसरा आणीन.

आणि किंमत. गेल्या दिवाळीत भंगारवाला दारावर आला होता, त्याने बिडाच्या भावाने सांगितली, लाकूड फुकट नेतो म्हणाला. पुण्याच्या एका दुकानदाराने फोटो पाहून उलट मलाच वाहतुकीचा खर्च विचारला. तुमच्या ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर त्यालाही हेच सांगा.

मधल्या सप्तकातला एक षड्ज परवापासून डोलायला लागलाय. रविवारी पहाटे बसणार आहे. कूलर तासभर बंद करावा लागेल, आणि आता वीज पूर्वीसारखी वेळेवर जात नाही, म्हणून तो आपल्यालाच बंद करायला लागतो.