गाडीच्या नव्या ऑइल फिल्टरच्या भोकात एकदा तरी बघा रे!

दीडशे रुपयांची वस्तू. तिला काम एकच, ऑइलमधली घाण अडवायची. आणि तीच वस्तू कोऱ्या खोक्यातून घाण घेऊन येते. माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होईल?

गेल्या रविवारची गोष्ट. जुळे सोलापुरात घरासमोरच गाडीचं ऑइल बदलायला बसलो होतो. बारा वर्षांची पेट्रोल गाडी आहे. हे काम मी स्वतःच करतो, कारण दुसऱ्याच्या हातावर माझा विश्वास नाही. तो का नाही, ते पुढे सांगतो. जुनं ऑइल निथळत होतं, तोवर नवा फिल्टर खोक्यातून काढला आणि सवयीप्रमाणे मधल्या भोकात मोबाइलचा टॉर्च मारला. शेवटच्या आट्याला पोलादाची एक बारीक तार लोंबत होती. स्प्रिंगसारखा पीळ पडलेली, कापलेल्या नखाएवढी. काडीनं ढोसली तर हलली, पण पडली नाही. चिमट्यानं ओढली तेव्हा कुठं तुटून हातात आली. मग फिल्टर पालथा धरून तळहातावर ठोकला. चार-पाच चकाकते कण पडले, त्यांच्याबरोबर काळ्या रंगाचा एक पापुद्रा. सगळं पांढऱ्या कागदावर घेतलं, खालून लोहचुंबक फिरवला, आणि ते कण उन्हात उभे राहून चुंबकामागं पळायला लागले.

कंपनीचा फिल्टर आहे हा. डुप्लिकेट नाही, पक्क्या पावतीवर घेतलेला.

आता कुणी म्हणेल, असू दे की, फिल्टरच आहे तो, अडवेल. इथंच तर सगळे फसतात, आणि हे मी कितीदा, किती जणांना सांगितलं असेल! फिल्टरच्या तोंडावरच्या पत्र्याला दोन प्रकारची भोकं असतात. कडेनं गोलात असलेली छोटी भोकं म्हणजे ऑइल आत यायची वाट. संपमधून, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातून, जाळीतून ओढलेलं ऑइल पंप तिथं ढकलतो. आत घड्या घातलेला कागद असतो, त्यातून ऑइल बाहेरून आतल्या बाजूला गाळलं जातं आणि मधल्या आटेवाल्या भोकातून बाहेर पडतं. तिथून सरळ इंजिनच्या मुख्य गॅलरीत, म्हणजे ऑइलच्या मोठ्या वाटेत, मग क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या बेअरिंगांवर, आणि वर व्हॉल्व उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडं. म्हणजे मधलं भोक ही गाळून झालेल्या ऑइलची वाट. कडेच्या भोकात कचरा असला तर निदान कागद तो अडवेल. मधल्या भोकात असला तर त्याच्यापुढं अडवणारं कुणी नाही. पहिल्याच स्टार्टला तो तुकडा ऑइलबरोबर निघतो.

बरं, आटे कुठं पाडलेले असतात? त्याच मधल्या भोकात! आटे कापले की चिप, म्हणजे धातूचा कीस निघणार, बर, म्हणजे कडेला लोंबणारा धातूचा धारदार काटा राहणार, हे लेथवर दोन महिने काढलेल्या पोरालाही माहीत असतं. म्हणून तो पत्रा नीट धुवायचा असतो, बर काढायचा असतो, मग डब्यावर बसवायचा असतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये साध्या नटावर बर राहिला तरी माल परत येतो. आणि ज्या भागातून इंजिनचं रक्त फिरणार, तो तसाच पुढं सरकवायचा? त्यात फिल्टर चढवताना इंजिनच्या ज्या नळीवर तो बसतो तिचे आटे त्याच आट्यांतून वर सरकतात. लोंबणारा बर त्यांनीच तोडला जातो आणि आत ढकलला जातो. म्हणजे आपण आपल्या हातानं, पाऊण फेरा घट्ट करून, तो तुकडा इंजिनात पोचवतो.

क्रँक आणि त्याला धरणाऱ्या बेअरिंग शेलमधली, म्हणजे बेअरिंगच्या आतल्या मऊ धातूच्या पातळ वाटीमधली, फट किती असते? साधारण 0.02 ते 0.05 मिलिमीटर. आपला केस साधारण 0.07 मिलिमीटर जाड. केससुद्धा मावत नाही अशा फटीत ऑइलच्या पातळ थरावर क्रँक फिरतो, मिनिटाला दोन-तीन हजार फेरे. अगदी बारीक कण असला तर शेलच्या मऊ धातूत रुतून बसतो आणि निभावतं. मोठा असला तर क्रँकवर चर पाडतो. आपल्या सोलापूरचा मे महिना आठवा, 43 अंशांत पुण्याच्या हायवेवर गाडी तापून ऑइल पातळ झालेलं असतं, तेव्हा तो थर आणखी बारीक होतो.

सोमवारी ती तार कागदात गुंडाळून दुकानात गेलो. दुकानदारानं कागद उघडून बघितलासुद्धा नाही. "साहेब, सील तुटलंय, आता परत घेता येत नाही." अहो, सील तोडल्याशिवाय आत बघायचं कसं? माझ्या डोळ्यांना एक्स-रे आहे का? मग म्हणतो, "आजवर इतके फिल्टर विकले, एकाचीही तक्रार नाही." तक्रार येणार कुठून? बघतो कोण? मी म्हटलं, बरं, पैसे देतो, दुसरा द्या, पण इथंच काउंटरवर उघडून दाखवा. तोंड वाकडं करत दिला. प्लास्टिक काढलं, टॉर्च मारला. त्यात तार नव्हती, पण कागदाच्या घड्यांना लावलेल्या डिंकाचा एक सुटा तुकडा आत खुळखुळत होता. त्याच्या डोळ्यांसमोर हलवून दाखवला. तर म्हणतो, "एवढं बारीक कुणी बघत नाही, मालक."

कुणी बघत नाही! हेच तर माझं दुखणं आहे.

आणि गॅरेजचं काय सांगू. तीन वर्षांपूर्वी हात मोडला होता म्हणून एकदा गाडी बाहेर दिली. स्टुलावर बसून बघत होतो. पोरानं खोकं फाडलं, फिल्टर काढला, आतलं भोक उघडं ठेवून इंजिनशेजारच्या धुळीच्या पत्र्यावर ठेवला. मग बुडाखाली घेतलेल्या चिंधीनं त्याचं तोंड पुसलं. गारमेंटवाल्यांच्या कटिंगच्या चिंध्या आपल्या गावात किलोवर मिळतात, त्यातलीच ती, दोरे सुटलेली, आधी कितीदा वापरलेली कुणास ठाऊक. एक दोरा आट्यात अडकलेला मला स्टुलावरून दिसला. मी ओरडलो, "अरे थांब, आत बघ आधी!" तर तो म्हणतो, "काका, नवीन आहे." मिस्त्री तिकडून हसला. त्याच्याकडं एअर कॉम्प्रेसर होता, म्हणाला हवा मारून देतो. हवा मारली की बाहेर लोंबणारा कण उलट आतच जातो, वर कागदावर जोर येतो तो वेगळाच. शेवटी एका हातानं मीच तो दोरा ओढून काढला. त्या पोराचा मला राग नाही. त्याला कुणी शिकवलंच नाही. राग आहे तो हसणाऱ्या मिस्त्रीचा.

माझे वडील अशोक चौकाकडं यंत्रमागावर होते. कांडी धोट्यात घालायच्या आधी बोटावर फिरवून बघायचे, कुठं गाठ नाही, सूत निसटलेलं नाही. चादर काही लाखाची नसायची, पण बघायचेच. वाईट गाठीनं माग थांबला तर दोन मिनिटांत जोडता येतो. इंजिनचं तसं नाही.

यावर मला ऐकवतात, "लाखो गाड्या असेच फिल्टर लावून चालतात, काय होतं?" अगदी खरं आहे, उद्या सकाळी इंजिन जाम होणार नाही. मीही तसं म्हणत नाही. सगळे फिल्टर असे निघतात असंही नाही, माझ्याच हातून स्वच्छ फिल्टर कितीतरी गेलेत. पण ज्याच्या इंजिनात तो तुकडा गेला त्याला कधी कळणार? वर्षा-दोन वर्षांनी खालून आवाज यायला लागेल, ऑइलचा दाब कमी होईल, मिस्त्री म्हणेल "बेअरिंग गेलंय, इंजिन उतरवावं लागेल," आणि वर म्हणेल "तुम्ही ऑइल वेळेवर बदललं नसणार." दोष गाडीच्या मालकाचा! दीडशेच्या फिल्टरचं नाव कुणीही घेणार नाही, कारण तो केव्हाच भंगारात गेलेला असेल. बनवणाऱ्याला हे पक्कं माहीत आहे. म्हणून तर कुणाला धुवायची घाई नाही.

रिक्षावाल्याचा विचार करा, टमटम चालवून हप्ता भरणाऱ्याचा विचार करा. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटच्या भाड्यावर ज्याचं घर चालतं, त्याचं इंजिन उतरलं तर पंधरा दिवस चूल कशी पेटणार?

म्हणून हात जोडून सांगतो, गाडी बाहेर देत असाल तरी समोर उभे राहा. फिल्टर उघडला की मधल्या भोकात टॉर्च मारा, शेवटच्या आट्यापर्यंत बघा. तोंड खाली करून तळहातावर ठोका. बर लोंबत असला तर तो फिल्टर लावूच नका, खरवडत बसू नका, खरवडलेलं आतच पडतं. बसवायच्या आधी फिल्टर ऑइलनं भरायची कुणाला सवय असते, त्यांनी मधल्या भोकात ऑइल ओतू नये, तेही न गाळता पुढं जातं. रबरी रिंगला बोटानं नवं ऑइल लावा आणि जुनी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना ते बघा. ह्या सगळ्याला एक मिनिटसुद्धा लागत नाही. कारखान्यात तर पट्ट्यावरून जाताना त्याहून कमी लागेल, आणि मधल्या भोकाला दहा पैशाचं प्लास्टिकचं बूच बसवलं तर खोक्यातल्या पुठ्ठ्याचा भुसाही आत जाणार नाही.

माझी गाडी तीन दिवस फळ्यांवर उभी राहिली. बुधवारी दुसऱ्या दुकानातून तिसरा फिल्टर घेतला, तो स्वच्छ निघाला, तोच बसवला. आधीचे दोन्ही फिल्टर, ती तार, तो डिंकाचा तुकडा आणि पावत्या एका डब्यात ठेवल्यात. पहिला दुकानदार म्हणाला, कंपनीचा माणूस महिन्याच्या पंधरा तारखेला ऑर्डर घ्यायला येतो. पंधरा तारखेला मी डबा घेऊन त्याच काउंटरवर उभा असणार आहे, आणि या वेळी कागद उघडून बघितल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.